संध्याकाळी पाणी येणार का? पारावरच्या नवोदित अंदाजकारांसाठी मार्गदर्शिका

परभणी, हिंगोली, नांदेडच्या सपाट मुलखात मार्च ते मे या तीन महिन्यांत गावोगाव एक पद भरायचं असतं. पारावरचा हवामान अंदाजकार. पगार नाही, पण चहा चुकत नाही. पात्रता म्हणाल तर डोळे बारीक करून आभाळाकडे बघता आलं पाहिजे, आणि कुणी "काय मास्तर, येतंय का पाणी आज?" असं विचारलं की लगेच उत्तर न देण्याचा संयम पाहिजे. बाकीचं शिकता येतं.

आधी विषय नक्की करू. मोसमी पावसाच्या वाटेला नवशिक्यानं जाऊ नये, तिथे गर्दी फार. हवामान खातं एप्रिलमध्येच चार महिन्यांची टक्केवारी सांगून मोकळं होतं, अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते, आणि पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस यावर वाद घालायला अख्खं गाव तयार असतं. आपला विषय वळीव. दुपारी तीनला आभाळ स्वच्छ, सहाला अंधार, सातला गोठ्याचे पत्रे शेजाऱ्याच्या रानात आणि नऊला पुन्हा चांदणं. या एवढ्याशा कारभाराचा अंदाज सकाळी सांगायचा आहे. हिंमत असेल तर पुढे वाचा.

नवशिक्याची पहिली चूक ठरलेली. तो तापमान बघतो आणि "आज लई तापलंय, संध्याकाळी नक्की येणार" असं ठोकून देतो. अहो, एप्रिलमध्ये इथे रोजच तापतं. पारा ४२ वर चढलेले दिवस ओळीनं कोरडे जातात आणि ३७-३८ च्या दिवशी आभाळ कोसळतं. ऊन लागतंच, ते नसेल तर जमिनीलगतची हवा वर उठणार नाही. पण नुसत्या उन्हानं उठते ती वावटळ. भर दुपारी काळ्या रानात धूळपाचोळ्याचे खांब फिरायला लागले की जाणती माणसं "वादळ येणार" म्हणतात. तुम्ही म्हणू नका. वावटळी भरपूर म्हणजे हवा जोरात वर चाललीय, एवढंच. वर जाऊन तिचा ढग व्हायचा तर तिच्यात ओलावा पाहिजे.

तेव्हा ओलावा बघायला शिका. त्याला यंत्र लागत नाही. कोरड्या उन्हात घाम आलेला कळतसुद्धा नाही, धुतलेलं धोतर बघता बघता कडक होतं आणि सावलीत गेलं की बरं वाटतं. ज्या दिवशी सकाळी दहालाच बनियन पाठीला चिकटतं, सावलीतही जीव कासावीस होतो, बरणीतलं मीठ ओलसर लागतं आणि घरातली मंडळी विनाकारण एकमेकांवर खेकसतात, त्या दिवशी सावध व्हा. शास्त्रात याला दवबिंदू चढणं म्हणतात. हवा ज्या तापमानापर्यंत थंड केली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, तो दवबिंदू. कोरड्या एप्रिलात तो दहा अंशांच्या आसपास रेंगाळतो. अठरा-वीसला पोचला की ढगाला भांडवल मिळालं असं समजा.

हे भांडवल येतं बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून. उन्हाळ्यात विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकाकडे कमी दाबाचा एक लांबट पट्टा वरचेवर तयार होतो. त्याच्या आसपास उत्तरेकडचा कोरडा वारा आणि समुद्राकडचा दमट वारा समोरासमोर येतात आणि हवा वर ढकलली जाते. खात्याच्या पत्रकात याला द्रोणीय स्थिती म्हणतात. हे शब्द पाठ करा. आठवड्यातून एकदा तरी "द्रोणीय स्थिती आहे" असं म्हणावं. अर्थ सहसा कुणी विचारत नाही. विचारलाच, तर विदर्भाच्या दिशेनं हात करून कर्नाटकापर्यंत आभाळात एक रेघ ओढून दाखवावी.

आता ऊन आहे, ओलावाही आहे, तरी दुपारी बारालाच पाऊस का होत नाही? या विद्येतला सगळ्यात देखणा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर पुष्कळदा उबदार, कोरड्या हवेचा एक थर पसरलेला असतो. खालून उठलेली हवा तिथवर पोचते, पण वरचा थर तिच्यापेक्षा गरम असल्यामुळे तिचं पुढे काही चालत नाही. तापत ठेवलेल्या दुधावर साय धरावी तसा हा प्रकार. साय फार जाड असली तर दूध उतू जात नाही, दिवस नुसता उकाड्यात जातो. नसलीच, तर सकाळपासून फुटकळ ढग होत राहतात आणि कशातच जोर उरत नाही. पण ती बेताची असेल आणि चार-पाचच्या सुमाराला एका ठिकाणी फाटली, तर दिवसभर कोंडलेलं सगळं तिथूनच वर जातं. बघता बघता ढगाचा माथा बारा किलोमीटरच्या पुढे, म्हणजे प्रवासी विमानांच्याही वर जातो. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, एका किलो वाफेमागे जवळजवळ ६०० किलोकॅलरी, आणि तीच ढगाला आणखी वर ढकलत राहते. एकदा सुटला की त्याला खालच्या उन्हाची फारशी गरज उरत नाही. म्हणून सूर्य बुडाल्यावरही त्याचा धिंगाणा चालूच असतो.

यावरून पारावर सांगायला एक छान उलटा नियम मिळतो. सकाळी अकरापासूनच आभाळ भरून आलं असेल, तर जमिनीला ऊन मिळत नाही, वादळाचा जोर बहुधा कमी. दुपारी अडीचपर्यंत आभाळ कोरं आणि बनियन मात्र ओलं असेल, तर जनावरं लवकर गोठ्यात घ्या. लोकांना याच्या नेमकं उलट वाटत असतं, त्यामुळे तुमच्या बोलण्याला वजन येतं. अपवाद एक: सकाळीच मधल्या उंचीवर छोटे छोटे बुरूज काढलेले ढग दिसले, तर वरची हवाही अस्थिर आहे. त्या दिवशी "बघू" एवढंच म्हणावं.

वरच्या हवेचं हे सगळं मोजायला हवामान खातं नागपूरसारख्या ठिकाणांहून फुगे सोडतं. वेळा पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच, कारण जगभर ते एकाच वेळी, ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे शून्य आणि बाराला सोडायचे असं ठरलेलं आहे. ठरवणाऱ्यांना आपला वळीव माहीत नसावा. पहाटेची माहिती दुपारपर्यंत शिळी होते, आणि संध्याकाळचा फुगा निघतो तेव्हा ज्याचा अंदाज घ्यायचा तो ढग कुठेतरी बरसायला लागलेला असतो.

थोडं गणित. जमिनीवरच्या तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ नं गुणा. येईल ती ढगाच्या तळाची उंची, मीटरमध्ये. कोकणात जूनमध्ये तापमान ३० आणि दवबिंदू २६ असला तर ढग पाचशे मीटरवर, अगदी माडांच्या शेंड्यांशी. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ४१ आणि १९ धरा: २,७५० मीटर. एवढ्या उंचावरून निघालेला थेंब खालच्या तापलेल्या हवेत वाटेतच आटायला लागतो. आटताना तो हवा थंड करतो, थंड हवा जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. ढगाच्या पुढे धूळ उडवत येणारा गार वारा तो हाच. वाऱ्याचा वेग अचानक ताशी तीसेक किलोमीटरनं वाढून चाळिशीच्या पुढे गेला आणि निदान एक मिनिट टिकला, की शास्त्र त्याला चंडवात म्हणतं. अर्धापूरच्या केळीच्या बागा आडव्या व्हायला ते मिनिट पुरतं.

तेव्हा "नुसतं वारंच सुटलं, पाणी चार थेंब" अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर खचू नका. पाऊस पडला होता, वाटेत त्याचा वारा झाला, असं ठणकावून सांगा. विशेष म्हणजे ते खरं आहे.

गारांचं नाव मात्र पारावर काढू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरच्या हवेत थंडी अजून शिल्लक असते, शून्य अंशाची पातळी मेच्या मानानं खाली असते, त्यामुळे गार जमिनीपर्यंत न वितळता पोचते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिनं उभा गहू, ज्वारी, हरभरा, द्राक्षं, संत्री झोडपून काढली. लोक अजून विसरलेले नाहीत. गारा पडतील असं म्हणालात आणि पडल्या, तर गाव तुम्हालाच जबाबदार धरतं. हवामानशास्त्रात याला काही उपाय नाही.

आता भाषा. अंदाजकाराचं निम्मं कौशल्य इथेच आहे. नमुना म्हणून खात्याचं वाक्य घ्या: "तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता." पारावर याची टिंगल होते. "तुरळक म्हणजे कुठं? पडला तर यांचा, नाही पडला तरी यांचाच." टिंगल करणाऱ्यांना सांगा की तुरळक हा पळवाटेचा शब्द नाही, त्याला माप आहे: जिथे पाऊस मोजतात त्या ठिकाणांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश. पुढे काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी, बहुतांश ठिकाणी अशी चढती भांजणी आहे. वळवाला तुरळकच शोभतं. एका ढगाचा बरसणारा भाग दहा किलोमीटर रुंद धरला तरी तो ऐंशीएक चौरस किलोमीटर भिजवतो. परभणी जिल्हा सहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा. म्हणजे जिल्ह्यात वादळ होणार हे छातीठोकपणे सांगता येतं, पण कुठल्याही एका क्षणी तुमच्या गावावर ते असण्याची शक्यता शंभरात एक-दीड. ढग सरकतो, एकाचे चार होतात, तरी बहुसंख्य गावं कोरडीच राहतात आणि बहुसंख्य गावांत अंदाजाला शिव्या पडतात. १८७५ मध्ये सुरू झालेलं खातं दीडशे वर्षं त्या खात उभं आहे. तुम्हाला एका उन्हाळ्यात काय होतंय?

गावाचं नाव घेऊन सांगणारे झालेच नाहीत असं नाही. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या माळावर टिंकर नावाचा हवाई तळ आहे. २० मार्च १९४८ च्या रात्री तिथे टोर्नेडोचा भोवरा घुसला आणि विमानांचा चुराडा झाला. तिथली हवामान कचेरी सांभाळणारे मेजर फॉबश आणि कॅप्टन मिलर यांना वरिष्ठांनी कामाला लावलं: असा भोवरा आधी सांगता येतो का बघा. पाचव्या दिवशी, २५ मार्चला, नकाशा तसाच दिसायला लागला. जनरलसाहेबांनी विचारलं, अंदाज देता का? एकाच जागी आठवड्यात दोनदा भोवरा येणं म्हणजे अशक्यातली गोष्ट. आणि त्या काळात तिकडचं सरकारी खातं लोक घाबरतील म्हणून अंदाजात त्याचं नाव घेणंसुद्धा टाळत असे. तरी दोघांनी दुपारी इशारा दिला. नोकरी गेली असं धरून मिलर घरी निघून गेला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला भोवरा त्याच तळावरून गेला. नवशिक्यानं यातून एवढंच घ्यायचं, की गावाचं नाव घ्यायला दोघं जण लागतात. चुकलं तर दोष वाटून घेता येतो.

एकट्या माणसाला दुसरा मार्ग आहे: सोयरीक. वरच्या वाऱ्याबरोबर ढग सरकतो, म्हणून ज्या दिशेनं तो येतो त्या बाजूला वीस-तीस किलोमीटरवर आपलं माणूस पाहिजे. मार्चमध्ये ढग बहुधा पश्चिमेकडून येतात, मे उजाडला की पूर्वेकडूनही यायला लागतात. त्यामुळे सासुरवाडी पश्चिमेला आणि लेकीचं सासर पूर्वेला ही आदर्श रचना. साडेचारला फोन करावा, इकडचं तिकडचं बोलावं, मग सहज विचारावं, "आभाळ काय म्हणतंय तिकडं?" पलीकडून "बोलायलाच येईना, वारं लई सुटलंय" असं आलं आणि फोन कट झाला, की पारावर येऊन डोळे बारीक करावेत आणि म्हणावं, "अर्ध्या-पाऊण तासात येतंय." तीस-चाळीसच्या वेगानं निघालेल्या ढगाला तेवढाच वेळ लागतो. जुनी मंडळी थक्क होतात. मोबाइलवर तुम्ही काय बोललात हे कुणाला सांगायचं कारण नाही.

हेच काम रडार करतं, फक्त त्याला आहेर करावा लागत नाही. खात्याच्या संकेतस्थळावर रडारची चित्रं दिसतात. लाल-गुलाबी डाग जिथे, तिथे जोर. लागोपाठची तीन चित्रं बघा, डाग कुठून कुठे सरकला ती रेघ पुढे वाढवा, आणि ती आपल्या गावावरून जाते का बघा. पुढच्या तीन तासांचे इशारे खातं देतं ते मुळात असेच, जास्त अक्कल आणि जास्त यंत्रं वापरून. सकाळचा अंदाज जिल्ह्याचा, तीन तासांचा तालुक्याएवढा, आणि अर्ध्या तासाचा गावाचा. याहून बारीक कुणी सांगत असेल तर तो बहुधा व्हॉट्सॲपवर सांगत असतो. तिथे आलेल्या नकाशावर तारीख आहे का ते आधी बघावं; गेल्या वर्षीची वादळं दर वर्षी नव्यानं येतात.

विचारणारा मात्र हौसेनं विचारत नसतो, हे लक्षात ठेवा. वसमतकडचा हळदवाला बघा. हळद काढून, शिजवून त्यानं अंगणात पसरलेली असते आणि ती वाळायला दहा-पंधरा दिवसांचं कडक ऊन लागतं. रोज तो त्यातलं एक हळकुंड उचलून मोडून बघतो. कट्कन मोडलं तर वाळलं, वाकलं तर अजून ओल आहे. या दिवसांत एक सर आली तर रंग उतरतो, बुरशी धरते आणि बाजारात भाव पडतो. त्याच्या अंगणाच्या कडेला ताडपत्रीची गुंडाळी आणि तिच्यावर ठेवायचे दगड तयार असतात. "येतंय का?" याचा अर्थ "आता झाकू, की अजून दोन तासांचं ऊन घेऊ?" असा आहे. त्याला द्रोणीय स्थिती सांगू नका. ओलाव्याचा दिवस असेल तर सांगा, "चारला झाका." पाऊस नाही आला तर दोन तासांचं ऊन बुडालं, एवढंच.

चारलाच, असं का? कारण पाचला गडगडतं आणि सगळं गाव एकदम रानाकडे धावतं. हळद झाकायला, कडबा झाकायला, बैल सोडायला. वीज माणसं मारते ती इथे. देशात दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेनं जातात, आणि त्यातली बरीचशी शेतात असतात. सपाट रानात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे उभा माणूस, नाहीतर तो एकटा कडुनिंब, ज्याच्याखाली सगळे जमतात. "अजून पाऊस कुठंय?" म्हणून लोक थांबतात, वीज मात्र पावसाच्या सरीपासून दहा-पंधरा किलोमीटरवरही पडते.

म्हणून या मार्गदर्शिकेतला एक अंदाज गंमत न करता सांगायचा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तिनानं भागा: तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की ढगाच्या टप्प्यात आलात. पक्क्या घरात जा, नाहीतर पत्र्याचं छत असलेल्या बंद गाडीत बसा. झाडाखाली नको, पंपाच्या उघड्या शेडमध्ये नको. फोनमध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप घालून ठेवा, ते वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आतल्या विजा दाखवतं. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडू नका. ताडपत्री घालायची राहिली असेल, तर राहू द्या.